ताटाखाली 'सेफ' घालून द्या

लोक एकमेकांना नावं ठेवतात, मी नावं घातली. शिरूरच्या पेठेतलं एक भांड्याचं दुकान आणि पुढं त्याच शेठनं दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर काढलेलं दुसरं, या दोन दुकानांत माझी सगळी नोकरी झाली. हुद्दा म्हणाल तर काही नव्हता. गिऱ्हाइकानं भांडं पसंत केलं की ते माझ्या टेबलावर यायचं आणि ते सांगतील ते नाव मी त्यावर कोरून द्यायचो. हातातलं मशीन टर्रर्र करत थरथरायचं आणि त्याच्या टोकाखाली स्टीलवर अक्षर उमटायचं. त्याआधी छिन्नी-हातोडी होती, टिंबाटिंबानं नाव घालावं लागे. आमच्या वस्तीतला जयंतीचा फलक मी रंगवायचो, ते अक्षर शेठनं रस्त्यानं जाताना पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. अक्षर चांगलं असण्याचा मला झालेला एवढाच काय तो फायदा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, भांड्यावर नाव कशाला हवं? ज्याच्या घरी कधी कार्य निघालं नाही त्यालाच असला प्रश्न पडतो. लग्नाला, जावळाला, दहाव्याला अख्ख्या आळीची भांडी एके ठिकाणी येतात आणि जाताना कुणाची परात कुणाच्या घरी जाते. तळेगाव ढमढेऱ्याची एक बाई, घरची भाजीपाल्याची शेती, नवा कुकर घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, "डब्यावर घाला आन् झाकनावर बी घाला. शिट्टीवर बसतंय का बघा."

मी म्हणालो, "मावशी, शिट्टीवर नाव मावत नाही."

"मग निस्तं 'सु' घाला. मागच्या बारीला जावंनं शिट्टी बदलली, तवापास्नं माझा कुकर बोलंनाच झालाय."

घातला मी शिट्टीवर 'सु'. कुणाच्या लग्नाला चि. सौ. कां. घातलं, आमच्यातल्या लग्नाला आयुष्मती घातलं, कुणी वारलं की त्याच्या नावानं वाटायच्या पेल्यांवर कै. घातलं. एकानं तर भावांच्या वाटण्या झाल्यावर चहाच्या गाळणीवरसुद्धा नाव घालून नेलं. मी कधी कुणाला हसलो नाही. म्हणजे तोंडावर नाही.

भांडं निवडायचं कसं, हे मला शेठनं शिकवलं आणि तेच मी गिऱ्हाइकांना शिकवत आलो. हातात घेऊन वजन बघायचं. बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर सांध्यात खोट. कड आत वळलेली असावी, म्हणजे बोट कापत नाही आणि पोचा लवकर पडत नाही. बूड जाड असावं. शेठ म्हणायचे, भांडं कानानं घ्यावं, डोळ्यानं घेतलं की फसलात. हे ज्ञान मला आयुष्यभर पुरेल असं वाटत होतं आणि कितीतरी वर्षं ते पुरलंही.

मग रांजणगावला कंपन्या आल्या. कंपन्यांमागून बाहेरगावची माणसं आली, फ्लॅट आले, पुण्याच्या सुना आल्या आणि दोन हजार सालाच्या आगेमागे केव्हातरी त्या सुनांबरोबर मायक्रोवेव्ह ओव्हन आले. आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून नीट जागेवर नाही.

बघा, त्याआधी आम्ही मेलामाइनची ताटं विकत होतो. पांढरी, वर फुलाफुलांची नक्षी, आणि ठसक्यात सांगायचो, अनब्रेकेबल. शेठ गिऱ्हाइकासमोर ताट दाणकन फरशीवर आपटायचे. एकदा ताट शाबूत राहिलं आणि फरशीला तडा गेला. शेठना त्याचं केवढं कौतुक! तो तडा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आता कळलं की हे न फुटणारं ताट ओव्हनमध्ये चालत नाही. आमचं खणखणीत स्टील तर दारातही उभं करत नाहीत, आत ठिणग्या उडतात. सोनेरी काठाचा डिनर सेट, जो आम्ही सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचो, तोही बाद. कारण काठाला धातू असतो. चालतं काय, तर काच आणि साधी चिनी माती. म्हणजे जे हातातून पडलं की संपलं, ते चालतं. जे टिकतं ते चालत नाही आणि जे चालतं ते टिकत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकानं विचारलं, "रोजच्या वापराला टिकाऊ काय द्याल?" तर मी सांगू काय?

कंपनीच्या एजन्सीचा एक माणूस पुण्याहून यायचा, गळ्यात टाय, बोलणं हिंदीत. त्यानं आम्हाला काचेच्या वाडग्याच्या बुडावर तीन लाटा दाखवल्या आणि खाली लिहिलेलं वाचून दाखवलं, मायक्रोवेव्ह सेफ. मी विचारलं, "सेफ कौन? बर्तन, मशीन या खानेवाला?" तो हसला आणि म्हणाला, "भाईसाब, सब सेफ." मला काही ते पटलं नाही. सगळेच सेफ असतील तर लिहायची गरजच काय? पण शेठनं डोळे वटारले आणि मी माझ्या टेबलाकडं वळलो.

गिऱ्हाइकांचा गोंधळ आमच्यापेक्षा वरताण. त्या तीन लाटा बघून कुणी म्हणायचं हे फक्त पाण्याचं भांडं, कुणी म्हणायचं पाण्यानं धुवायचं असं लिहिलंय. नागपंचमीच्या सुमारास एका म्हातारीनं त्या वाडग्याला हात जोडले. एक माळकरी आप्पा बोनचायनाचे कप बघत होते. कुणीतरी त्यांना बोन म्हणजे हाड असं सांगितलं आणि त्यांनी कप असा काही खाली ठेवला की जणू विंचू. शेठ म्हणाले, "अहो, नुसतं नाव आहे ते." आप्पा म्हणाले, "आन् तुम्ही दुकानात येका मानसाला निस्ती नावं घालायलाच बसीवलंय की. मंग नावाला कमी कसं म्हन्ता?" शेठ गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. मला मात्र बरं वाटलं.

पुढं एका नोकरदार बाईंनी मला एक युक्ती सांगितली, ती तुम्हालाही सांगून ठेवतो. भांड्याखाली काही लिहिलेलं नसेल, आणि ते धातूचं नसेल, सोनेरी-चंदेरी काठाचं नसेल, तर ते रिकामं आत ठेवायचं आणि शेजारी काचेच्या कपात पाणी ठेवायचं. मिनिटभर ओव्हन चालवायचा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर घ्यावं. भांडंच चटका देऊ लागलं तर त्यातून जेवू नये. काचही जाड बघून घ्यावी आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या आत ठेवू नये. एवढं मी पुढं सगळ्यांना सांगू लागलो. आमच्या दुकानात ओव्हन नव्हताच, त्यामुळं स्वतः कधी करून पाहिलं नाही. ऐकीव ज्ञानावर आम्ही ढीगभर काच विकली.

आता आबांची गोष्ट.

मी दौंडच्या दुकानात जाऊन थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी पाटसचे एक आबा आले. पांढरं धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. साखर कारखान्यात पॅनवर काम करून निवृत्त झालेले. पॅन म्हणजे रस आटवून जिथं साखरेचा दाणा धरतात ती जागा. तिथला माणूस नजरेनं सांगतो, दाणा आला, आता उतरवा. आबांनी पिशवीतून स्टीलचं एक मोठं ताट काढलं. जुनं, जड, काठाला बारीक पोचे. आत कडेजवळ टिंबाटिंबानं घातलेलं नाव होतं, सौ. पारूबाई. अक्षर कुणाचं होतं देव जाणे, पण हात बसलेला होता.

मी म्हणालो, "आबा, ह्याच्यावर नाव तर आहे."

आबांनी ताट उलटं केलं आणि बुडाच्या मधोमध बोट ठेवलं. "हितं. तीन नाग काडा आन् त्याच्या खाली सेफ घाला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. आबांना बरोबर तेच हवं होतं. त्यांची मुलगी शोभा पुण्याला नर्स. तिनं पाटसच्या घरी ओव्हन आणून बसवला होता आणि बजावून सांगितलं होतं, ज्याच्या बुडाला ह्या तीन रेघा आणि 'सेफ' असेल तेवढंच आत घालायचं. आबांच्या ताटाच्या बुडाला ते नव्हतं. म्हणून ते घालून घ्यायला आबा नावं घालणाऱ्याकडं आले होते. त्यांच्या हिशेबानं यात कुठंच चूक नव्हती.

"आबा, ते लिहिल्यानं होत नसतं," मी म्हणालो.

"मंग कशानं हुतं?"

"कंपनीत होतं."

"कंपनीत काय करत्यात?"

मी म्हणालो, "काच भट्टीत घालतात, साच्यात ओततात, मग..."

"मंग?"

"मग खाली लिहितात."

आबांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "तेच म्हन्तोय मी. तुम्ही ल्ह्या."

मी पुन्हा सांगायला गेलो, हे स्टील आहे, ठिणग्या उडतील. आबा म्हणाले, "भाऊ, हिचं नाव घातलं तवा ताट हिचं झालं का न्हाई? कुनी न्हेलं तरी माघारी आलं. आता सेफ घातल्यावर सेफ का हुईना?" नावानं भांडं एखाद्याचं होतं, हे तर मीच उभ्या आयुष्यात लोकांना सांगत आलो होतो.

मी काचेचे वाडगे काढले. जाड, झाकणाचे, बुडाला लाटा. आबांनी एकाला हात लावला आणि बाजूला सारला. ताटच का, म्हणून विचारलं तर उत्तर दिलं नाही. पण बाकीचं सांगितलं. पारूबाई जाऊन दोन उन्हाळे झाले होते. आबा एकटे. मध्यंतरी दूध गॅसवर ठेवून ते पाराकडं गेले आणि पातेल्याचा कोळसा झाला. पुढं एकदा गॅस नुसताच सुरू राहिला. शेजारच्या कुसुमला वास आला म्हणून निभावलं. शोभानं गॅसच काढून नेला. कुसुम डबा देते, आबांनी तो ओव्हनमध्ये गरम करून खायचा, असं ठरलं. हे दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला.

"पुण्याला काय वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट काय न्हाई. जावई भला मानूस हाय. पर तिथं मी पावना हाय. आन् पावन्यानं किती दिस ऱ्हायाचं ह्याला काय माप आसतं का न्हाई?"

मी काही 'सेफ' घालून दिलं नाही. आबा ताट पिशवीत घालून उठले. "अक्षरं घालायची तुमची कामं. त्याला बी न्हाई म्हन्ता. दुसरा बघतो," असं म्हणून पायऱ्या उतरले. मला चैन पडेना. आठवडे बाजारात बॅटरीवर मशीन चालवणारे फिरते नाववाले बसतात, ते काही विचारत नाहीत. सांगाल ते घालतात. आबांच्या मागं जावं असं वाटलं, पण काउंटरवर गर्दी होती आणि जाऊन सांगणार काय, तेही कळत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एक बाई दुकानात शिरल्या आणि तेच ताट त्यांनी माझ्या टेबलावर उपडं टाकलं. मागं आबा, हातात कपड्यांची बॅग. ताटाची कड एका ठिकाणी काळी पडली होती. बुडावर गांडुळासारख्या तीन वळवळत्या रेघा आणि खाली लिहिलं होतं, 'सेप'.

"हे तुम्ही घातलंत?" बाईंनी विचारलं. ती शोभा.

खरं सांगतो, आधी मला माझ्या अक्षराचाच राग आला. म्हणजे त्या अक्षराचा. मी म्हणालो, "ताई, हा प माझा नाही. मी फ ची शेपटी खाऊन टाकत नाही. आणि रेघा तर बघा कशा आहेत." दुकानातली दोन-चार नावं घातलेली भांडी पुढं ठेवली. शोभानं ती पाहिली आणि तिचा राग ओसरला. मग ती नुसतीच दमलेली दिसायला लागली.

काय झालं ते तिनं सांगितलं. आबांनी बाजारातून 'सेप' घालून आणलं, त्यात कुसुमची भाजी-भाकरी वाढून घेतली आणि ताट ओव्हनमध्ये कोंबलं. कड आतल्या भिंतीला घासत होती. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, कुसुमनं धावत येऊन प्लग ओढला. ओव्हनला आत एक काळा डाग पडला, तेवढ्यावर भागलं. पण शोभाचा धीर सुटला होता. संध्याकाळच्या गाडीनं ती आबांना पुण्याला घेऊन चालली होती. "मी त्यांना हजारदा सांगितलं, काचेत गरम करा आणि आईच्या ताटात काढून घ्या. साधी गोष्ट आहे. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय करणार?" असं म्हणून ती तिकिटं काढायला स्टेशनकडं गेली. आबांना तिनं माझ्या समोरच्या स्टुलावर बसवलं.

आबांनी बॅग पायाशी ठेवली. मीच विचारलं, "आबा, काचेत गरम करून ताटात घ्यायला काय हरकत होती?"

"हरकत काय न्हाई." त्यांनी दाराकडं बघून घेतलं. "ध्यानात ऱ्हात न्हाई, भाऊ."

आणि मग ते हळू आवाजात सांगत गेले. "कुसुम डबा देती. मी काचंत वततो, अवनात ठिवतो, बटान दाबतो. जरा येळानं ते टुंटुं करतंय. मला वाटतं हायवेला टेम्पो माघारी घ्यायलेत. मी बसतो पेपर वाचत. सकाळी दार उघाडलं की कालची भाजी आत. रातभर उपाशी झोपलोय हे बी सकाळीच कळतं. शोभीला वाटतं मी रुसलोय, म्हून जेवत न्हाई. मी म्हन्तो, वाटू दे."

"आणि ताट?"

"ताट मांडनीत येकाच जागी आसतंय. भूक लागली की हात तिथंच जातो, डोळं मिटून बी जाईल. ताट जाग्यावर न्हाई म्हन्लं की मला कळतं, ते अवनात हाय. जेवान आत हाय." त्यांनी ताट सुलटं करून काठावरून हात फिरवला. "ही नवी भांडी डोक्यात ठरत न्हाईत. आज बघितलं, उद्या कुनाचं हाय म्हन्तो. हे येवढंच ताट ऱ्हायलंय ध्यानात."

रसाला दाणा कधी आला हे नजरेनं ओळखणारा माणूस. आठवडाभर मी हा म्हातारा अडाणी म्हणून मनात हसत होतो, आणि त्यानं तर आपल्या डोक्यातून काय काय गळतंय ते मोजून त्यावर एक तोड काढली होती. तोड चुकीची होती, पण तोड होती.

"शोभीला सांगू नका," आबा म्हणाले. "आत्ता ती म्हन्ती चार म्हैनं चला. हे कळलं तर कुलूप कायमचं."

आता मी काय करावं? सांगावं तर आबांचं घर जातं. न सांगावं तर हा माणूस आणखी कशाकशाला विसरेल? एकटा राहिला तर तो सेफ आहे का? भांड्याचं मी टिचकी मारून सांगितलं असतं. माणसाचं सांगता येईना. तिकडं गाडीची वेळ होत होती आणि मला बिलकूल सुचत नव्हतं. मी नोकरीत कधी एवढा गोंधळलो नव्हतो.

माझी रीत अशी, की मशीन लावण्याआधी मी स्केचपेननं लिहून घेतो आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो. एकदा मशीन फिरलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ताट समोर सुलटं पडलं होतं, पेन खिशात होतं. हाताला दुसरं काही येत नव्हतं म्हणून असेल, मी पेन काढलं आणि आतल्या बाजूला, पारूबाईंच्या नावाच्या खाली लिहिलं:

अहो, ओव्हन बघा.

आबांना म्हणालो, "ताट मांडणीतच राहू द्या. जेवण काचेत गरम करा. भूक लागली की हात ताटाकडं जातोच ना? ताट घेतलं की हे दिसेल."

आबांनी ताट लांब धरलं, ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. "ही बोलतीया व्हय?" म्हणाले.

"त्याच बोलतायत."

तेवढ्यात शोभा पायऱ्या चढून आली. हातात तिकिटं होती. आबांनी ताट छातीशी धरलं, पण उलटं धरलं, अक्षरं बाहेर. तिनं वाचलं. लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की ही अक्षरं तिलाही वाचता येतात. नर्स बाई ती, रोज कितीतरी म्हातारी माणसं बघणारी. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून, आबा?" तिनं विचारलं.

आबा फरशीकडं बघत होते. "उन्हाळ्यापास्नं."

"आणि मी म्हणत होते तुम्ही हट्ट करताय."

"हट्ट बी करतोच की थोडा," आबा म्हणाले.

शोभा दुसऱ्या स्टुलावर बसली आणि रडली. आवाज न करता, पदरानं डोळे पुसत. मी काचेचे वाडगे उगाच इकडचे तिकडं ठेवले. आता ती उठेल, बापाला हाताला धरेल आणि गाडी गाठेल, असं मी धरून चाललो होतो. माझ्या शहाणपणानं आबांचं घर गेलं, असंही मनात येऊन गेलं.

डोळे पुसून झाल्यावर तिनं एक वाडगा उचलला. बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहिली, काच असली तरी. "ह्या मापाचे दोन द्या," ती म्हणाली. "एक फुटला तर त्यांचं अडायला नको."

मी दोन बांधायला घेतले.

ती आबांकडं वळली. "मी दर सुट्टीला येणार. कुसुमला सांगते, अंधार पडल्यावर ताट धुतलेलं दिसलं नाही तर तिनं हाक मारायची. हे चालेल ना? आणि ज्या दिवशी ह्यानं भागत नाही असं मला वाटेल, त्या दिवशी तुम्ही काही न बोलता यायचं."

"येईन," आबा म्हणाले. "त्या दिशी येईन."

मग तिनं त्यांच्या हातातून ताट घेतलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "हे पुसा."

माझा चेहरा पडला असावा. म्हणालो, "ताई, राहू दे की. त्यांना उपयोग होईल."

"उपयोग होईल म्हणूनच म्हणते. आमची आई जन्मात कधी 'अहो' म्हणाली नाही. 'आवं' म्हणायची. आणि ओव्हन तिला म्हणता आलं नसतं. तुम्ही असं लिहिलंत तर आबांना वाटेल, कुणीतरी परकी बाई सांगतेय."

मी फडकं ओलं करून पुसलं आणि नव्यानं लिहिलं, 'आवं, अवन बघा.' ताट आबांपुढं धरलं. त्यांनी ते मघासारखं लांब धरलं नाही, जवळ घेतलं. ओठ हलले.

"व्हय," ते म्हणाले. "आता ऐकाय येतंय. घाला."